हाराजुकूच्या मागच्या गल्ल्यांत: टोकियोतील कपडे आणि खाणे

शुक्रवार : नारिता ते निशी-कसाई

इचलकरंजीत यंत्रमागांच्या खडखडाटात लहानाचा मोठा झाल्यामुळे कपडा हाती आला की मी आधी त्याची वीण पाहतो, मग शिवण आणि सर्वांत शेवटी त्यावरचे नाव. ज्याला तरुण मंडळी स्ट्रीटवेअर म्हणतात, त्या हुडी, टी-शर्ट, जीन्स आणि स्नीकर्सच्या जगात मात्र हा क्रम उलटा आहे असे सगळेच सांगतात, आणि या समजुतीत कितपत तथ्य आहे हे पाहण्यासाठी टोकियोइतके योग्य शहर दुसरे नाही. शिवाय ज्या वस्त्यांमध्ये ही दुकाने आहेत, त्याच वस्त्यांमध्ये शहरातील सर्वाधिक चर्चा होणारी खाण्याची ठिकाणेही आहेत, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच पायपिटीत होतात.

माझी भाची मृण्मयी नोकरीनिमित्त इथेच राहते. तिचे घर एदोगावा विभागातील निशी-कसाई येथे आहे. भारतीयांची मोठी वस्ती असलेल्या याच विभागातून २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ स्थानिक सभेवर निवडून आले होते. विमानतळावरून येताना टोकियो स्थानकातच आम्ही जेवलो, कारण जावई शाकाहारी आहेत आणि स्थानकाच्या तिकीट-फाटकांच्या आत ‘टीज तानतान’ हे संपूर्ण वनस्पतिजन्य रामेन, म्हणजे रश्शातील नूडल्स, देणारे हॉटेल आहे. जपानमध्ये भाजी दिसणाऱ्या पदार्थातही सुक्या माशाच्या पापुद्र्यांचा अर्क, म्हणजे दाशी, बहुधा असतोच, म्हणून शाकाहारी प्रवाशाने ‘मांस नाही ना?’ एवढे विचारून थांबू नये, दाशीबद्दलही विचारावे. तिथले तिळाच्या दाट रश्शातील तिखट नूडल्स प्रवासाने मरगळलेल्या जिभेला लगेच जाग आणतात.

शनिवार : हाराजुकू

हाराजुकू स्थानकाबाहेर एका बाजूला १९२० मध्ये उभारलेल्या मेइजी देवस्थानाची दाट झाडी आहे आणि दुसऱ्या बाजूला ताकेशिता रस्त्याची अखंड गर्दी. हा रस्ता आम्ही झपाझप ओलांडला. रंगीबेरंगी मोजे, क्रेप नावाच्या पातळ गोड धिरड्यांच्या खिडक्या आणि शाळकरी मुलामुलींचे घोळके यांपलीकडे तिथे आता फारसे काही उरलेले नाही. शोइची आओकी यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या ‘फ्रूट्स’ या मासिकाने इथल्या तरुणांची छायाचित्रे जगभर पोहोचवली होती. छायाचित्र काढावे असे कपडे घातलेली मुले आता दिसत नाहीत, हे कारण देऊन त्यांनी ते मासिक २०१७ मध्ये थांबवले.

हा परिसर कपड्यांचा का झाला, याचे उत्तर युद्धोत्तर इतिहासात आहे. आज जिथे योयोगी उद्यान आहे, तिथे अमेरिकी लष्करी कुटुंबांसाठी ‘वॉशिंग्टन हाइट्स’ नावाची वसाहत होती. या कुटुंबांना लागणाऱ्या वस्तूंची दुकाने ओमोतेसांदो रस्त्यावर निघाली आणि अमेरिकी कपडे, खेळणी, रेकॉर्ड्स टोकियोतील मुलांना इथे जवळून पाहायला मिळू लागले. १९६४ च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने ती जागा परत मिळाली, वसाहत गेली, परंतु दुकानांची सवय राहिली. त्याच ऑलिंपिकच्या तयारीत शिबुया नदीचा इथला प्रवाह स्लॅबखाली झाकला गेला, आणि त्या झाकलेल्या नदीवरून जाणारी वळणावळणाची वाट म्हणजे आजची कॅट स्ट्रीट. तिचा नागमोडीपणा नदीचाच आहे हे कळल्यावर त्या रस्त्यावर चालण्याची मजा वाढते.

मुख्य रस्त्यांवरची भाडी चढत गेली तेव्हा पैसे नसलेली, पण कल्पना असलेली मुले मागच्या गल्ल्यांत शिरली. या भागाला उरा-हाराजुकू म्हणतात. या मंडळींचे वडीलधारे म्हणजे हिरोशी फुजिवारा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते लंडन आणि न्यूयॉर्कला जाऊन आले, येताना हिपहॉपच्या रेकॉर्ड्स घेऊन आले आणि पुढे १९९० मध्ये त्यांनी ‘गुडइनफ’ ही कपड्यांची नाममुद्रा सुरू केली. त्यांच्या प्रभावळीतील निगो आणि जुन ताकाहाशी या दोघांनी १९९३ मध्ये ‘नोव्हेअर’ नावाचे छोटे दुकान थाटले. अर्ध्या भागात ताकाहाशींचे ‘अंडरकव्हर’ आणि अर्ध्या भागात निगोंचे ‘अ बेदिंग एप’. पुढच्याच वर्षी शिन्सुके ताकिझावा यांचे ‘नेबरहूड’ आले. सुरुवातीला भांडवल तुटपुंजे असल्यामुळे टी-शर्ट मोजकेच छापले जात, त्यातले काही मित्रांना दिले जात आणि उरलेले विकले जात. मित्रांमध्ये गायक आणि डीजे होते, त्यांच्या अंगावर ते कपडे दिसले की दुसऱ्या दिवशी दुकानासमोर माणसे उभी राहत.

हा सगळा इतिहास मी त्या गल्लीत उभा राहून मृण्मयीला सांगत होतो, तेव्हा तिने मला नेमका प्रश्न विचारला : “मामा, मग पैसे आल्यावर त्यांनी जास्त का नाही छापले?” माझ्या मते या व्यवसायाचा सगळा कस याच प्रश्नात आहे. अडचणीतून आलेली टंचाई फायद्याची ठरते हे लक्षात आल्यावर ती मुद्दाम राखली गेली, आणि पुढे जगभरच्या कंपन्यांनी ती पद्धत उचलली. ‘अ बेदिंग एप’ २०११ मध्ये हाँगकाँगच्या ‘आय.टी.’ या कंपनीकडे गेले. निगो २०२१ मध्ये पॅरिसच्या ‘केन्झो’ या फॅशन कंपनीचे कलादिग्दर्शक झाले. जेम्स जेबिया यांनी १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या लाफायेत रस्त्यावर सुरू केलेल्या ‘सुप्रीम’ने १९९८ मध्येच जपानमध्ये दुकाने उघडली, यावरून इथल्या ग्राहकाचे वजन कळते. त्यांचा नवा माल जपानमध्ये शनिवारी येतो. आम्ही गेलो तेव्हा रांग शिस्तीत सरकत होती, परंतु दुकानातून बाहेर पडणाऱ्यांपैकी काही जण कोपऱ्यावर थांबून पिशवीतील वस्तूचे छायाचित्र काढून लगेच फेरविक्रीच्या अॅपवर चढवत होते. कपडा अंगाला लागण्याआधीच विकला जावा हे मला, कापड करणाऱ्या घरातल्या माणसाला, मनापासून खटकते.

दुपारी ‘आफुरी’मध्ये रामेन खाल्ले. कानागावा प्रांतातील एका डोंगराच्या नावावरून या हॉटेलाचे नाव ठेवले आहे. दारात तिकिटांचे यंत्र असते, त्यावर पदार्थ निवडून पैसे भरायचे, चिठ्ठी आचाऱ्याच्या हाती द्यायची आणि लांब फळीसमोर जागा मिळेल तिथे बसायचे. युझू हे ईडलिंबाच्या जातीचे सुवासिक फळ त्यांच्या मिठाच्या पातळ रश्शात असते. डुकराच्या हाडांच्या दाट, तेलकट रश्शाची सवय झालेल्यांना हा रस्सा फिका वाटेल, पण पहिल्या दोन घोटांनंतर कोंबडी आणि समुद्री अर्काची चव वर येते आणि युझूचा वास शेवटपर्यंत टिकतो. एका वाडग्याला हजार येनांहून थोडे अधिक पडतात. टिप देण्याची पद्धत नाही, दिलेली टिप परत केली जाते. खाऊन झाल्यावर कोणी रेंगाळत नाही, कारण मागे उभ्या असलेल्या माणसाची सर्वांनाच जाणीव असते.

रविवार : सेंदागाया आणि आओयामा

या प्रवासातील ज्या दुकानाची मला सर्वाधिक ओढ होती, ते ‘लूपव्हीलर’ सेंदागायात आहे. सातोशी सुझुकी यांनी १९९९ मध्ये ते सुरू केले. तिथे मुख्यतः एकच वस्तू मिळते : सुती स्वेटशर्ट, डोक्यावर टोपी असलेला किंवा नसलेला.

त्याचे कापड वाकायामा येथे विणले जाते. ज्या गोल यंत्रांवर ते होते ती छताच्या तुळयांना टांगलेली असतात, आणि विणलेले कापड नळीच्या आकारात स्वतःच्या वजनाने खाली उतरत राहते. कापड ओढून घेणारे रूळ नसल्यामुळे सुतावर ताण पडत नाही, त्यामुळे सुताचा लोच मरत नाही आणि अनेक धुण्यांनंतरही कापडाचा मऊपणा राहतो. याची किंमत वेळेत मोजावी लागते. एका यंत्रावर तासाभरात जेमतेम मीटरभर कापड निघते. आधुनिक यंत्रे याच्या कित्येक पटींनी अधिक कापड देतात, म्हणून १९६० च्या दशकानंतर जगभरात ही जुनी यंत्रे मोडीत निघाली आणि जपानमध्ये फक्त काही कारखान्यांत टिकली. नवी यंत्रे कोणी बनवत नाही, सुटे भाग जुन्या यंत्रांतून काढावे लागतात आणि ती चालवणाऱ्या माणसाला सुईचा आवाज बदलला तरी कळावा लागतो.

मी एक करडा स्वेटशर्ट उलटा करून आतील बाजू पाहिली. फासे एकसारखे आणि उभार, बाजूला शिवण नाही. किंमत वीस हजार येनांच्या आसपास आहे, म्हणजे स्वस्त मुळीच नाही, पण तिचा हिशेब त्या मीटरभर कापडात आणि शिवणाऱ्याच्या वेळेत पूर्ण होतो. इथेही माल कमी असतो आणि मापे संपतात. फरक इतकाच की इथली टंचाई यंत्राच्या गतीची आहे. मी माझ्या मापाचा एक घेतला.

इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे गावाचे गाव त्यावर उभे राहिले. धोट्याचे, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या शटलचे, साधे माग आता आमच्याकडे भंगाराच्या भावाने, किलोवर जातात, आणि बिनधोट्याचे वेगवान माग त्यांची जागा घेतात. वेग हवाच, त्याशिवाय बाजारात टिकाव लागत नाही, हे मलाही मान्य आहे. परंतु गावातील काही जुने माग, ते दुरुस्त करणाऱ्या जॉबर लोकांच्या हातातील कसबासह, मुद्दाम वेगळे राखून त्यांच्यावर वेगळ्या दर्जाचे कापड काढता आले असते, असे मला त्या दुकानात फार तीव्रतेने वाटले. अजूनही काढता येईल, कारण सगळे माग अद्याप गेलेले नाहीत.

जेवण ‘माइसेन’मध्ये झाले. १९६५ पासूनचे हे तोंकात्सूचे, म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेल्या डुकराच्या मांसाचे हॉटेल आओयामात एका जुन्या सार्वजनिक स्नानगृहाच्या इमारतीत आहे आणि मोठ्या दालनाचे उंच छत अजून तसेच आहे. कापाचे आवरण दाताखाली कुरकुरीत फुटते, आत मांस रसाळ राहते आणि सोबतची बारीक चिरलेली कोबी हवी तितकी वाढून मिळते.

आओयामातील मोठ्या नावांच्या दुकानांतून आम्ही भरभर फिरलो. २००३ मध्ये हर्झोग आणि द म्यूरोन यांनी बांधलेली प्राडाची चौकटीचौकटींच्या काचांची इमारत सुंदरच आहे. तिच्यासमोर मृण्मयी म्हणाली, “आपल्या चपला इथेच लागणार होत्या ना, मामा?” जून २०२५ मध्ये मिलानच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये या कंपनीने कोल्हापुरी वळणाच्या चपला कोल्हापूरचे नाव न घेता दाखवल्या होत्या. महाराष्ट्रातून मोठा आवाज उठल्यावर त्यामागची प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे कंपनीने मान्य केले. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन (जीआय) आहे आणि त्यात महाराष्ट्रातील चार व कर्नाटकातील चार जिल्हे येतात. मी तिला म्हटले की टोकियोच्या या गल्ल्यांत कोल्हापुरी चप्पल खरोखर शोभेल, पण करणाऱ्याच्या नावासह, जशी इथल्या जीन्सवर गावाची ओळख असते.

सोमवार : शिमोकिताझावा

हे जुन्या कपड्यांचे गाव आहे. ओदाक्यू रेल्वेमार्ग २०१३ मध्ये भुयारात गेल्यावर रुळांची मोकळी झालेली पट्टी लहान दुकाने, कॉफीची ठिकाणे आणि बसायच्या जागा यांनी भरली गेली, आणि हे काम वस्तीचा बाज न मोडता झाले आहे. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावे अशा जिन्यांवरून चढत आम्ही एकामागून एक दुकाने पाहिली. अमेरिकी कामगारांचे कोट, लष्करी पाटलोणी, महाविद्यालयांची नावे असलेले विटके स्वेटशर्ट. सगळे धुऊन, इस्त्री करून, कुठे डाग आहे किंवा कुठे शिवण उसवली आहे हे चिठ्ठीवर लिहून ठेवलेले असते.

एका दुकानात निळीच्या जुन्या ठिगळांचे ‘बोरो’ कापड काचेमागे लावले होते. उत्तर जपानच्या थंड प्रदेशात कापूस पिकत नसे, म्हणून गरीब शेतकरी घरांतील बायका चिंध्या एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवत. आपली गोधडी याच गरजेतून आणि याच टाक्याने होते. आज नामांकित डिझायनर बोरोच्या धर्तीवर जाकिटे करतात आणि ती हजारो येनांना जातात. आपल्याकडे गोधडीचे जाकीट करणारे तरुण आता दिसू लागले आहेत याचा मला आनंद आहे, फक्त टाका हातचाच राहावा.

जेवायला सूप करी घेतली. या वस्तीत करीची इतकी हॉटेले आहेत की दर शरद ऋतूत इथे करीचा उत्सव भरतो. साप्पोरोहून आलेला हा प्रकार म्हणजे मसाल्याचा पातळ रस्सा, त्यात अख्खी भाजलेली गाजरे, भोपळा, भेंडी आणि कोंबडीची तंगडी, व शेजारी वेगळ्या ताटलीत भात. तिखटपणाचे आकडे सांगावे लागतात. कोल्हापूरकडच्या माणसाने मधला आकडा सहज ओलांडावा.

मंगळवार : डायकान्यामा आणि नाकामेगुरो

डायकान्यामात ‘ओकुरा’ हे निळीत रंगवलेल्या कपड्यांचे दुकान आहे. फिकट आकाशी ते जवळजवळ काळा, इतक्या छटा एकाच झाडाच्या पानांतून निघतात हे तिथल्या मांडणीतून आपोआप कळते. जपानी जीन्सची गोष्टही निळीचीच आहे. धाग्यांचे दोरखंडासारखे जुडगे निळीत बुडवून हवेत आणायचे, पुन्हा बुडवायचे, असे अनेकदा केले तरी सुताचा गाभा पांढराच राहतो, आणि म्हणून वापरणाऱ्याच्या गुडघ्या-खिशांशी झिजून तो पांढरेपणा हळूहळू वर येतो. १९७९ मधील ‘स्टुडिओ दार्तिझां’पासून १९९१ मधील हिदेहिको यामाने यांच्या ‘एव्हिसू’पर्यंत ओसाकाच्या मंडळींनी जुन्या धोट्याच्या मागांवर अरुंद पन्ह्याचे डेनिम पुन्हा विणून घेतले. धोटा टोकाला जाऊन वळतो, त्यामुळे कापडाची किनार आपोआप बांधली जाते आणि तिच्यात बहुधा लाल धागा असतो. पाय दुमडलेल्या जीन्सची ती लाल रेघ दाखवण्यात तरुणांना जो अभिमान असतो, तो मला पूर्णपणे रास्त वाटतो, कारण ते आपल्या अंगावरचा माग दाखवत असतात.

नाकामेगुरोत ‘सेइरिनकान’मध्ये पिझ्झा खाल्ला. सुसुमु काकिनुमा यांच्या या हॉटेलात पिझ्झाचे फक्त दोन प्रकार मिळतात, मारिनारा आणि मार्गेरिता. मारिनारावर चीज नसते : टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. लोखंडी गोल जिन्याने वर जायचे, बीटल्सची गाणी चालू असतात आणि लाकडाच्या भट्टीतून पोळी बाहेर येते. कडा काही ठिकाणी करपलेल्या, पण चिवट नाहीत. पिठाला स्वतःची चव आहे, तळाला मिठाचे कण जाणवतात आणि टोमॅटो आंबट न लागता गोडसर लागतो. दोनच पदार्थांवर वर्षानुवर्षे हॉटेल चालवायचे तर पीठ, आच आणि वेळ यांत एकाही दिवशी ढिलाई चालत नाही. मेगुरो नदीकाठी २०१९ मध्ये उघडलेली केंगो कुमा यांनी रचलेली चार मजली स्टारबक्स रोस्टरी पाहायला मोठी गर्दी असते. इमारत पाहण्याजोगी आहे, कॉफी मात्र तुम्ही इतरत्रही प्याल तशीच.

बुधवार : शिबुया आणि शिंजुकू

सकाळी शिबुयातील ‘पार्को’ पाहिले. १९७३ चे हे दालन २०१९ मध्ये नव्याने बांधून उघडले. वर नामवंत डिझायनरांची दुकाने आणि तळघरात खाण्याची ठिकाणे, म्हणजे मागच्या गल्ल्यांतील सगळे जग एका छताखाली आणलेले. सोय आहे, स्वच्छता आहे, परंतु भाड्याच्या ओझ्याखाली कोणी नवखा मुलगा तिथे दुकान काढू शकणार नाही हेही उघड आहे.

दुपारी शिंजुकूला ‘नाकामुरायात’ गेलो. क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ मध्ये जपानमध्ये आले आणि त्याच वर्षी ब्रिटिशांच्या दबावामुळे त्यांच्या हद्दपारीचा हुकूम निघाला. नाकामुराया या बेकरीचे मालक सोमा दांपत्य यांनी त्यांना आपल्या आवारात लपवले. पुढे १९१८ मध्ये त्यांच्या मुलीशी, तोशिको यांच्याशी, बोस यांचा विवाह झाला. जपानी घरांत तेव्हा ब्रिटिश वळणाची, पिठाने दाट केलेली करी रूढ होती. ती भारतीय नव्हे हे बोस यांना सलत होते, म्हणून १९२७ मध्ये नाकामुरायाने उपाहारगृह उघडले तेव्हा त्यांनी हाडांसह कोंबडी, दही आणि मसाले घालून केलेली करी आणली. इतरत्र करी-भात दहा-बारा सेनला (सेन म्हणजे येनाचा शंभरावा भाग) मिळत असताना तिची किंमत ऐंशी सेन होती. तरीही टोकियोतील हौशी माणसांनी ती उचलून धरली. आज ज्याला चलतीचे हॉटेल म्हणतात, तसे ते त्या काळचे हॉटेल होते, आणि त्याच्या मुळाशी आपल्या देशाची चव जशी आहे तशी वाढण्याचा एका निर्वासिताचा आग्रह होता.

करी आजही मिळते. मसाला आपल्या मानाने सौम्य, पण रश्शाला कांद्याचा खरा गोडवा आहे आणि कोंबडी हाडाजवळ नीट मुरलेली आहे. सोबत लोणची आणि चटण्या वेगळ्या येतात. मृण्मयीच्या कचेरीतील जपानी सहकारी तिला नेहमी खरी भारतीय करी कुठे मिळते असे विचारतात. निघताना तिने पुढच्या आठवड्यासाठी त्यांच्या नावाने तिथे जागा राखून ठेवली.